प्रस्तावना : उष्णतेचा ताळेबंद

भिलाईत कोळसा दोन वाटांनी येतो. एक वाट कोरब्याची. हसदेव नदीच्या खोऱ्यातल्या खुल्या खाणींतून वाघिणी भरतात आणि त्यांतला कोळसा बॉयलरमध्ये जळतो. दुसरी वाट लांबची. पूर्वी ती झरिया-बोकारोकडच्या वॉशऱ्यांपासून सुरू व्हायची. आता तिचा मोठा हिस्सा ऑस्ट्रेलियातून समुद्रमार्गे पूर्व किनाऱ्यावर येतो आणि तिथून रेल्वेने पुढे. या कोळशाला आधी जळूच दिलं जात नाही. हवाबंद भट्टीत तो तापवतात, त्यातला वायू काढून घेतात आणि उरलेला कोक लोखंडाच्या भट्टीत टाकतात. पहिला कोळसा शेजारचा, स्वस्त आणि राखेने भरलेला. दुसरा परदेशी, महाग, पण त्याच्याशिवाय रूळ तयार होत नाही.

शेजारी एवढा कोळसा असताना दूरचा का आणायचा, हा प्रश्न भिलाईत नव्याने येणारा प्रत्येक जण विचारतो. कोरब्याचा कोळसा तापवला की फुगत नाही, वितळून एकजीव होत नाही, म्हणून त्याचा कोक होत नाही, हे त्याचं सरळ उत्तर. पण हे उत्तर नीट समजायचं तर कोळसा म्हणजे काय, जळणं म्हणजे काय, उष्णतेची वीज कशी होते आणि किती होते, हे सगळं समजून घ्यावं लागतं. हे पुस्तक त्यासाठी आहे.

भिलाईच का, हेही सांगायला हवं. मराठी वाचकाला हे गाव परकं वाटण्याचं कारण नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली आणि विदर्भ एका बाजूला, छत्तीसगढ दुसऱ्या बाजूला गेला. आगगाडी मात्र तीच राहिली. दुर्ग नागपूरपासून २६५ किलोमीटरवर आहे, आणि कारखान्याच्या पहिल्या भरतीपासून विदर्भातली माणसं इथे येत राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत सेक्टरांतल्या मराठी घरांत 'शिफ्ट', 'बॅटरी', 'बॉयलर', 'ट्रिप' हे शब्द डाळ-तांदळाइतके रोजचे आहेत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कोळशाची जेवढी म्हणून रूपं आहेत, म्हणजे इंधन, कोक, वायू, वाफ, वीज आणि राख, ती सगळी एकाच आवारात पाहता येतील अशा जागा देशात थोड्या आहेत. भिलाई त्यांतली एक.

आता विषयाकडे वळू.

कोळसा म्हणजे दगड झालेलं लाकूड, असं शाळेत सांगतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. छत्तीसगढ आणि विदर्भ या दोन्हीकडचा कोळसा गोंडवन काळातला, साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळच्या वनस्पती बहुतांशी वाहून येऊन गाळासकट साचल्या, असं भूवैज्ञानिक मानतात. त्यामुळे चिखल आणि वाळू कोळशाच्या कणाकणात मिसळली. कोरब्याच्या कोळशाचा तुकडा हातात घेऊन उन्हात फिरवला तर चकचकीत आणि मंद असे पट्टे आलटून-पालटून दिसतात, आणि मधेच एखादी करडी रेघ. ती रेघ म्हणजे शुद्ध दगड. मोठी रेघ फोडून बाजूला काढता येते. कणात मुरलेली माती मात्र धुऊनही फारशी जात नाही. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख निघते तिचं मूळ इथे आहे. खाणवाल्यांच्या निष्काळजीपणाला जेवढा दोष देतात तेवढा तो त्यांचा नाही.

जळतो तो मुख्यतः कार्बन. कार्बनच्या अणूला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटले की कार्बन डायऑक्साइड होतो, आणि या नव्या बंधांत जुन्यांपेक्षा कमी ऊर्जा मावते. उरलेली उष्णता म्हणून बाहेर पडते. एक किलो शुद्ध कार्बन पुरता जळला तर सुमारे ७,८०० किलोकॅलरी मिळतात. ऑक्सिजन कमी पडला तर अर्ध्या वाटेवर कार्बन मोनॉक्साइड होतो आणि दोन-तृतीयांशाहून जास्त उष्णता त्या वायूतच अडकून राहते. घरातल्या शेगडीत हा वायू माणसाचा जीव घेतो. भिलाईच्या झोतभट्टीत हाच वायू खनिजातून लोखंड सोडवतो. याकडे पुढे परत येऊ.

कोळशाचा भाव ठरतो उष्मांकावर. २०१२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे 'जी-१' ते 'जी-१७' अशी प्रतवारी आहे. जी-१ सर्वांत सरस, जी-१७ सर्वांत हलका. वीजघरांत येणारा कोळसा बहुधा जी-१० च्या खालचाच, किलोला साडेतीन ते चार हजार किलोकॅलरींचा. म्हणजे शुद्ध कार्बनच्या निम्मा. या एका आकड्यावर सगळ्या पुस्तकाचा डोलारा उभा आहे, म्हणून एक किलो कोळशाचा प्रवास इथेच करून पाहू.

समजा आपला कोळसा ३,५०० किलोकॅलरींचा आहे. आधी तो मिलमध्ये जातो आणि पिठासारखा दळला जातो. दहापैकी सात भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून जातील इतका बारीक. दगड आणि लोखंडाचे तुकडे खाली 'मिल रिजेक्ट' म्हणून पडतात. ही भुकटी गरम हवेच्या झोताबरोबर बॉयलरच्या कोपऱ्यांतून आत फेकली जाते. आत जाळी नाही, निखारे नाहीत. कोळसा हवेत तरंगत दोन-तीन सेकंदांत जळून संपतो. निळ्या काचेच्या झरोक्यातून पाहिलं तर ज्वाळा दिसत नाही. सगळी पोकळीच पिवळसर पांढरी पेटलेली दिसते आणि भिंतीच्या नळ्यांवर चिकटलेला वितळका क्लिंकर हळूहळू ओघळत असतो. तापमान तेराशे-चौदाशे अंशांच्या आसपास. नवशिक्या ऑपरेटरला सांगतात की झरोक्यातली ज्योत थरथरायला लागली तर हातातलं सगळं सोडून आधी तेलाचा आधार दे, कारण विझलेल्या भट्टीत भुकटी साठली आणि मग पेटली तर बॉयलरच फुटेल.

त्या ३,५०० पैकी सुमारे ३,००० किलोकॅलरी नळ्यांतल्या पाण्यात उतरतात. पाचशे धुरांड्यातून, राखेतून आणि कोळशातल्या ओलाव्याची वाफ करण्यात जातात. वाफ ५४० अंशांची, दाब वातावरणाच्या दीडशे ते पावणेदोनशे पट. ती टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेतो आणि त्याच दांड्याला जोडलेलं जनित्र वीज बनवतं. ३,००० ला ६० ने भागलं की ५०, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ इथून येतात, दुसरीकडून कुठून नाही.

पण ३,००० किलोकॅलरींची वीज होत नाही. होते सुमारे १,२६० ची, म्हणजे १.४६ युनिट, कारण एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. त्यांतून वीजघराच्या स्वतःच्या पंप-पंख्यांचा खर्च वजा जाता बाहेर पडते साधारण १.३५ युनिट. उरलेल्या १,७०० पेक्षा जास्त किलोकॅलरी कुठे गेल्या? कंडेन्सरच्या पाण्यात. शीतकरण मनोऱ्यावरून जो पांढरा ढग उठताना दिसतो त्याला लोक धूर म्हणतात. ती पाण्याची वाफ आहे, आणि तिच्याबरोबर विजेपेक्षा जास्त उष्णता आकाशात चालली आहे.

इथे बहुतेकांना वाटतं की ही उधळपट्टी आहे, कोणीतरी हुशार अभियंता ती थांबवेल. तसं नाही. १८२४ मध्ये सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने दाखवून दिलं की उष्णतेचं काम करून घ्यायचं तर ती गरम जागेवरून थंड जागेकडे वाहू द्यावी लागते आणि काही भाग थंड जागेला द्यावाच लागतो. ५४० अंशांची वाफ आणि ४५ अंशांचा कंडेन्सर असेल तर आदर्श यंत्रालाही ६० टक्क्यांच्या आसपास थांबावं लागेल. खऱ्या यंत्रात ३६-३७ टक्के मिळतात. यात वाढ करायची तर वाफ आणखी तापवली पाहिजे, आणि तिथे पोलादाची सहनशक्ती संपते. गेल्या शंभर वर्षांतली वीजघरांची प्रगती म्हणजे मुख्यतः धातुशास्त्राची प्रगती आहे, असं माझं मत आहे, आणि पुस्तकात ते मी लपवलेलं नाही.

कार्नोचा सिद्धांत यंत्रानंतर आला, ही या क्षेत्राची मजा आहे. इंग्लंडात १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेलला लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड काढलं. १७१२ मध्ये न्यूकमनचं वाफयंत्र खाणीतलं पाणी उपसायला लागलं. ते इतकं खादाड होतं की खाणीच्या तोंडाशीच परवडायचं. जेम्स वॉटने वेगळ्या कंडेन्सरची कल्पना १७६५ मध्ये काढली आणि कोळशाचा खर्च एकदम उतरला. फॅराडेने १८३१ मध्ये चुंबकाजवळ तार फिरवून वीज दाखवली. १८८२ मध्ये एडिसनने लंडन आणि न्यूयॉर्कला कोळशावरची वीजघरं उघडली. १८८४ मध्ये चार्ल्स पार्सन्सने पुढे-मागे होणारा दट्ट्या काढून टाकला आणि वाफेनेच पाती फिरवली. आज कोरब्यात फिरणारं टर्बाइन हे पार्सन्सच्याच कल्पनेचं वाढलेलं रूप आहे.

आपल्याकडे कोळसा १७७४ मध्ये राणीगंजला खणायला सुरुवात झाली. वर्धेच्या खोऱ्यात वरोऱ्याची खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली. कोळशावरची सार्वजनिक वीज १८९९ मध्ये कलकत्त्याला आली. मुंबईत १९०५ मध्ये वाडी बंदरला ट्रामसाठी वाफेचं वीजघर उभं राहिलं. पण मुंबई कोळशापासून फार दूर आणि सह्याद्रीच्या पावसाला फार जवळ, म्हणून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला धरणाच्या पाण्यावर वीज काढली. रेल्वेला मात्र पावसाच्या भरवशावर गाड्या चालवायच्या नव्हत्या, म्हणून ठाकुर्लीजवळ १९२९ मध्ये चोळ्याचं कोळशाचं वीजघर उभं राहिलं. पाणी की कोळसा, हा महाराष्ट्रातला वाद तेव्हापासूनचा आहे. कोराडी १९७४ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा निकाल कोळशाच्या बाजूने लागला. १९८३ मध्ये चंद्रपूरचा पहिला संच आणि राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचा कोरब्याचा पहिला संच काही महिन्यांच्या अंतराने सुरू झाले. कोरब्याची क्षमता वाढत २,६०० मेगावॉट झाली. तिथली वीज ४०० किलोव्होल्टच्या तारांनी भिलाईला येते, भिलाईहून कोराडीकडे जाते, आणि महाराष्ट्राबरोबर गोव्यालाही कोरब्याचा वाटा आहे. पणजीत दिवा लागतो त्यात हसदेव खोऱ्यातला कोळसा असतो, हे गोव्यात फारच थोड्यांना माहीत असेल.

जाळण्याच्या पद्धतींचे पंथ आहेत आणि पंथांप्रमाणेच त्यांचे कट्टर अनुयायी आहेत. सगळ्यांत जुना पंथ जाळीवर कोळसा पसरून खालून हवा देण्याचा. साखर कारखान्यांच्या जुन्या बॉयलरांत वाचकांनी तो पाहिला असेल. दुसरा भुकटीचा, ज्याचं वर्णन वर आलं. तिसरा 'फ्लुइडाइज्ड बेड'चा. यात वाळू-राखेचा थर खालच्या हवेने इतका हलका करतात की तो उकळत्या पाण्यासारखा खदखदतो आणि त्यात वाटेल तसला कोळसा जळतो. रायपूरच्या उरला-सिलतरा भागात स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. त्यांच्या भट्टीतून निघणारा अर्धवट जळका कोळसा दुसऱ्या कुठल्याही बॉयलरने नाकारला असता. फ्लुइडाइज्ड बेड तो मुकाट्याने खातो. भुकटीवाले या पंथाला गरिबांचा पंथ म्हणतात. मला तो भारतीय कोळशाला जास्त शोभणारा वाटतो. चौथा पंथ कोळशाचा आधी वायू करून मग तो वायू टर्बाइनमध्ये जाळण्याचा. कागदावर तो सर्वांत सुंदर आहे. आपल्या राखाळ कोळशाने मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळवलं आहे.

भुकटीच्या पंथातच एक पोटपंथ गेल्या दोन दशकांत वाढला : सुपरक्रिटिकल. पाण्याचा दाब वातावरणाच्या सुमारे २१८ पटींवर आणि तापमान ३७४ अंशांवर नेलं की पाणी आणि वाफ यांच्यातला फरकच मिटतो, उकळणं नावाची गोष्ट उरत नाही. बिलासपूरजवळ सीपतला, तिरोड्याला आणि कोराडीला ६६० मेगावॉटचे असे संच आहेत. कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या जवळ जाते. ३६ वरून ४० म्हणजे चार टक्के, असं ऐकायला क्षुल्लक वाटतं. कोळशाच्या भाषेत ती दहा टक्के बचत आहे. ५०० मेगावॉटचा साधा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला आठ हजार टनांहून जास्त कोळसा खातो, म्हणजे सरासरी दोन मालगाड्या, आणि तीन हजार टनांच्या आसपास राख टाकतो. त्यातले दहा टक्के किती, हे वाचकाने स्वतःच मोजावं.

आता भिलाईच्या खासियतीकडे. इथला कोळशाचा संसार वीजघरापेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते जास्त शहाणा.

कोक ओव्हनची बॅटरी म्हणजे उभ्या, अरुंद कोठड्यांची रांग. एक कोठडी जेमतेम ४०-४५ सेंटीमीटर रुंद, पण दोन माणसांपेक्षा उंच आणि कित्येक मीटर खोल. वरून चार्जिंग कार कोळसा ओतते, दारं लिंपून बंद होतात आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींतून येणाऱ्या हजार अंशांच्या आसपासच्या उष्णतेने तो सोळा-अठरा तास शिजतो. मग दोन्हीकडची दारं उघडतात, पुशरचा लांब दांडा एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने लालभडक कोकची भिंत सरळ उभीच्या उभी बाहेर येते, क्षणभर थांबते आणि वाघिणीत कोसळते. वाघीण क्वेंचिंग टॉवरखाली जाते, वरून पाणी पडतं, वाफेचा लोट उठतो. पाहणारा थक्क होतो. ताळेबंद मांडणारा मात्र हळहळतो, कारण त्या लोटाबरोबर टनावारी उष्णता गेलेली असते. कोक पाण्याऐवजी नायट्रोजनने थंड करून ती उष्णता वाफेत परत मिळवण्याची रीत सोव्हिएत अभियंत्यांनी १९६० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर आणली. ती जगभर पसरायला मात्र बराच काळ गेला.

कोठडीतून निघालेला वायू धुऊन डांबर, अमोनिया आणि बेंझॉल वेगळं काढतात. उरतो तो कोक ओव्हन गॅस, घनमीटरला चार हजार किलोकॅलरींच्या वर उष्मांकाचा, म्हणजे चांगलं इंधन. कोक जातो झोतभट्टीत. तिथे तो एकाच वेळी तीन कामं करतो : जळून उष्णता देतो, मोनॉक्साइड होऊन दल्ली-राजहऱ्याच्या खनिजातला ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि वरच्या हजारो टनांच्या थराला खालून आधार देतो, म्हणजे हवा खेळती राहते. हे तिसरं काम कोरब्याच्या कोळशाला कधीच जमणार नाही. भट्टीच्या तोंडातून निघणारा वायू दुबळा, घनमीटरला सात-आठशे किलोकॅलरींचा. पण तो इतका निघतो की सोडून देणं परवडत नाही. त्याने स्टोव्ह तापतात, त्या स्टोव्हमधून जाणारी हवा हजार अंशांनी तापून पुन्हा भट्टीत शिरते. त्याच वायूने पॉवर अँड ब्लोइंग स्टेशनचे बॉयलर चालतात, त्यांच्या वाफेने टर्बो ब्लोअर फिरतात, आणि ते ब्लोअर त्याच भट्टीत हवा भरतात. भट्टी स्वतःचा श्वास स्वतःच्या उच्छ्वासावर चालवते, असं म्हटलं तर चालेल. जास्तीचा वायू वर चिमणीच्या टोकाला पेटवून देतात. टाउनशिपमधून रात्री ती ज्योत दिसते. ती मोठी असेल तर समजावं की कुठेतरी हिशेब चुकतोय.

या वायूला वास नाही, रंग नाही. १२ जून २०१४ रोजी झोतभट्टीच्या विभागात तो गळला आणि सहा जणांचा जीव गेला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर काम चालू असताना भडका उडाला आणि डझनभराहून जास्त कामगार गेले. उष्णतेचा ताळेबंद मांडताना हे दोन दिवस वगळून पुढे गेलेलं पुस्तक मला अप्रामाणिक वाटलं असतं. वायू वाया घालवायचा नाही हे धोरण योग्यच. पण जो वायू सोडून द्यायचा नाही तो मैलोगणती वाहिन्यांतून माणसांच्या डोक्यावरून न्यावा लागतो, आणि त्या वाहिन्यांच्या दुरुस्तीवर बरेचदा कंत्राटी माणूस असतो. कार्यक्षमतेची किंमत कोणाच्या खात्यावर पडते, हा प्रश्नही ताळेबंदाचाच आहे.

आज या विषयाकडे वळण्याचं कारण काय? देशाचं कोळशाचं उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेलं, आणि वीजनिर्मितीत तीन-चतुर्थांशाच्या आसपास हिस्सा अजून कोळशाचाच आहे. त्याच वेळी २०७० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचं वचन देशाने २०२१ मध्ये ग्लासगोला दिलं आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आपण सगळे राहतो. दुपारी सौर वीज वाढली की कोळशाच्या संचांना भार उतरवावा लागतो. २०२३ च्या नियमांनी त्यांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली येता आलं पाहिजे असं ठरवलं. ज्या बॉयलरची घडण वर्षभर एकसारखं जळण्यासाठी झाली, तो आता रोज दुपारी दबतो आणि संध्याकाळी पुन्हा फुलतो. नळ्या थकतात, कार्यक्षमता घसरते, ज्योत थरथरते. झरोक्यापाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरसाठी हवामानबदल हा परिषदेचा विषय राहिलेला नाही, तो रोजचा शिफ्टचा विषय झाला आहे.

पोलादाची गोष्ट वेगळी आणि अवघड. विजेला सूर्य-वाऱ्याचा पर्याय आहे. लोखंडातला ऑक्सिजन हिसकावण्यासाठी कार्बनला पर्याय म्हणून हायड्रोजन आहे, पण तो अजून महाग आहे. युरोपने आयात पोलादावरच्या कार्बन कराची घडी २०२६ पासून बसवायला घेतली, त्यामुळे टनामागे किती कार्बन जळला हा आकडा आता निर्यातीच्या कागदावर आला. पाणी हाही असाच प्रश्न. २०१५ च्या दुष्काळात परळीचं वीजघर कोळसा असूनही पाण्यावाचून बंद पडलं. कंडेन्सरमध्ये जाणाऱ्या त्या १,७०० किलोकॅलरी मराठवाड्याने अशा ओळखल्या. आणि हसदेव अरण्याच्या जंगलातल्या नव्या खाणींवरून चाललेला संघर्ष आहेच. जंगलाची किंमत किलोकॅलरीत मांडता येत नाही, हे इतका वेळ किलोकॅलरींचा पाढा म्हणणाऱ्या मलाही मान्य आहे.

या वादांत दोन्ही बाजूंचे लोक बहुधा सोयीचं माप उचलतात. कोळशाच्या बाजूचे मेगावॉट मोजतात, विरोधातले टन मोजतात. मेगावॉट ही ऐपत आहे, कमाई नव्हे. टन हे वजन आहे, आणि त्यात तिसरा हिस्सा राखच असते. कोळशाबद्दलचं कुठलंही विधान तपासायचं तर ते उष्णतेत उतरवून पाहावं : किती आत आली, किती कामी लागली, किती कुठे गेली आणि तिथे कोणावर पडली. पुस्तकाचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी आहे. 'स्वच्छ कोळसा' या घोषणेत काय खरं आहे आणि कोळसा उद्याच बंद करा या मागणीत काय राहून गेलं आहे, हे दोन्ही या एका मापाने बऱ्यापैकी उघडं पडतं.

पुस्तक अभियंत्यांसाठी नाही, जरी अभियंत्यांनी ते वाचलं तर मला भीतीयुक्त आनंद होईल. अकरावीपर्यंतचं विज्ञान आठवत असेल तर पुरे. सूत्रं शब्दांत मांडली आहेत, आकडेमोड पानावरच करून दाखवली आहे आणि कारखान्यात जो शब्द चालतो तोच ठेवला आहे. 'झोतभट्टी' छापात चालते, पण शिफ्टवर कोणी म्हणत नाही, म्हणून दोन्ही येतील. प्रकरणांचा क्रम उष्णतेचा क्रम आहे : खाण, भट्टी, वाफ, दांडा, तार, राख. मधे कोकची मोठी आडवाट आहे. घाई असलेल्याने ती सोडली तरी चालेल, पण भिलाई तिथेच आहे. खाणीतल्या मजुरीचा आणि कामगार चळवळीचा इतिहास इथे पुरेसा आलेला नाही. तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे आणि माझ्यापेक्षा जाणत्या माणसाने लिहावा.

वाचकाला एक विनंती. पहिलं प्रकरण वाचताना घरचं विजेचं बिल शेजारी ठेवा आणि महिन्याच्या युनिटांना ०.७ ने गुणा. तेवढे किलो कोळसा तुमच्या नावावर कुठेतरी जळला, निदान जेवढी वीज कोळशाची होती तेवढ्यापुरता. आणि भिलाई, कोरबा, चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्या बॉयलरवर किंवा बॅटरीवर ज्यांनी वर्षं काढली आहेत, त्यांनी पुस्तकात कुठे आकडा किंवा शब्द खटकला तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवावं. पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त होईल.